कामाच्या शेजारी नाव

१६ मार्च २०२४, शनिवार

महाराष्ट्र दिनाला नवी आवृत्ती काढायची, असं आजच्या बैठकीत पक्कं झालं. मराठी शुद्धलेखन तपासणीचा आमचा शब्दसंग्रह हनस्पेलवर चालतो. लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम या सगळ्यांत शब्दाखाली लाल रेघ ओढणारा हाच हनस्पेल. मुळात तो हंगेरियनसाठी घडवला गेला. त्या भाषेतही शब्दाला प्रत्यय लागून असंख्य रूपं होतात, म्हणूनच मराठीशी त्याचं चांगलं जुळतं.

या खेपेला श्रेयनामावली माझ्याकडे आली आहे. संध्याकाळी, बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटकडून कुणाच्या नावावर किती नोंदी आहेत ते काढलं. पहिला क्रमांक आपोआप चाचण्या चालवून रोज नोंद करणाऱ्या बॉटचा. ओळींच्या हिशेबात सगळ्यांच्या पुढे आमचा एक जुना सहकारी. त्याने ‘दुसऱ्या’, ‘पुढाऱ्यांना’ यांतला अर्धा ऱ फाइलभर एकाच पद्धतीने साठवला. हा ऱ संगणकात एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण तपासनीस मात्र त्यांना वेगळे शब्द समजतो. काम अत्यंत गरजेचं होतं. स्क्रिप्ट एका संध्याकाळची होती आणि तिने हजारो ओळी बदलल्या.

आणि साताऱ्याच्या बाई? यादीत वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या कुठेच नाहीत.

१७ मार्च, रविवार

बाई निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर मराठी शिकवलं. गिट त्यांनी कधी उघडलेलं नाही. नांदेडचा आमचा विद्यार्थी आठवड्यातून एकदा त्यांना फोन लावतो. त्या सांगतात, तो लिहून घेतो. आज मीही कॉलवर बसले.

विषय ऊकारान्त पुल्लिंगी नामांचा. मुलगा विचारत होता, ‘नातू’ला प्रत्यय लागला की ‘नातवाला’, मग ‘पेरू’चं ‘पेरवाला’ का होत नाही? बाईंनी आधी शब्द जमवायला लावले. नातू, विंचू एका बाजूला, कारण त्यांत ऊ जाऊन व येतो. पेरू, खडू, काजू, साधू, शत्रू दुसऱ्या बाजूला, ते जसेच्या तसे राहतात. ‘गहू’ वेगळा काढला, त्याचं ‘गव्हाला’. ‘लाडू’पाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, “लाडवाला आणि लाडूला, दोन्ही ठेव. दोन्ही बोलतात. आपण मुलांच्या तोंडातला शब्द चूक ठरवायचा नाही.”

यानंतर त्याने फाइलमध्ये एक नियम लिहिला: शेवटचा दीर्घ ऊकार काढ, त्या जागी ‘वा’ ठेवून प्रत्यय जोड. मग योग्य त्या शब्दांपुढे तिरकी रेघ देऊन नियमाचं अक्षर लावलं. संपूर्ण बदल मोजक्या ओळींचा. त्या ओळींवर चालतात ती शेकडो रूपं: नातवाने, नातवाशी, नातवासाठी, विंचवाचा. गिटमध्ये लेखक म्हणून नोंदला गेला तो मुलगा. तो स्वतःच म्हणाला, “ताई, यात माझं फक्त टायपिंग आहे.” फक्त टायपिंग नाहीच. त्याने योग्य प्रश्न विचारला, नियम चालवून पाहिला, कुठे अडतो ते शोधलं. पण निम्म्याहून जास्त काम बाईंचं आहे, आणि ते नोंदीत उमटलेलं नाही.

२३ मार्च, शनिवार

दुसरीकडे हे कसं करतात ते दिवसभर वाचत बसले. गिट २००५ साली आलं तेच लिनक्सच्या कामासाठी. त्यात लेखक आणि नोंद करणारा असे दोन रकाने मुळातच वेगळे आहेत. शिवाय लिनक्सच्या मंडळींनी नोंदीच्या तळाशी वेगवेगळ्या ओळी लिहायची शिस्त लावली: दोष कुणी कळवला, कुणी चाचणी केली, कुणी बारकाईने तपासलं, कल्पना कुणाची. रिपोर्टेड-बाय, टेस्टेड-बाय, रिव्ह्यूड-बाय, सजेस्टेड-बाय. म्हणजे तिथे एका बदलामागच्या अनेक हातांना जागा आहे.

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसची पद्धत मला फार आवडली. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ते प्रकाशन-टिपणाच्या शेवटी सगळ्यांची नावं अकारविल्हे देतात. कोड लिहिणारे, तपासणारे, चाचणी करणारे आणि दोष कळवणारे एकाच यादीत, उतरंड नाही. कर्ल या डेटाची ने-आण करणाऱ्या साधनाच्या प्रकल्पातही आभाराची एक फाइल वर्षानुवर्षं चालत आली आहे. तिच्यात तीन हजारांहून जास्त नावं झाली आहेत, आणि फक्त दोष नीट कळवणाऱ्याचं नावही त्यात जातं. पायथनची अशीच फाइल आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. नाव आवृत्तीच्या शेवटी आठवून लिहायचं नसतं, बदल आत घेतानाच त्याच्या शेजारी लिहायचं असतं. शेवटी आठवायला बसलं की जे रोज दिसतात तेच आठवतात. फोनवरून सांगणारे, बैठकीत एकदाच येऊन नेमकं बोट ठेवणारे, नवख्यांच्या प्रश्नांना रात्री उत्तरं देणारे मागे पडतात. आपल्याकडे ही सवय आजपासून लावायची. गिटमध्ये सहलेखकाची ओळ लिहिता येते. नांदेडच्या मुलाला कळवलं. त्याने लगेच बाईंच्या नावाने पहिली ओळ टाकली.

२५ मार्च, सोमवार, धुळवड

सुट्टी होती, म्हणून एकेकाला फोन केले. प्रश्न एकच: तुमचं नाव कसं लिहू?

विचारायला हवंच होतं, हे पहिल्याच फोनला पटलं. एक मुलगी लग्नाआधीच्या नावाने काम करायची. तिला आता फक्त स्वतःचं नाव हवंय, पुढे कुणाचंच नाही. गिटमध्ये जुन्या नोंदी तशाच राहतात, पण ‘मेलमॅप’ नावाच्या एका छोट्या फाइलीत जुनं नाव नव्याला जोडता येतं आणि सगळ्या याद्यांत नवंच दिसतं. एका ओळीचं काम. तिच्यासाठी ती ओळ मी लगेच लिहिली.

एकजण म्हणाला, “माझं नाव घालू नका. कंपनीला बाहेरचं काम चालत नाही.” त्याने वर्षभर आमच्या चाचण्या सांभाळल्या आहेत. यादीत ‘चाचण्यांची व्यवस्था: नाव न देण्याची विनंती करणारे एक सहकारी’ असं लिहायचं दोघांनी मिळून ठरवलं. आपलं काम नोंदलं जातंय, एवढं त्याला पुरेसं होतं.

बाईंनी सांगितलं, “नावाआधी श्रीमती लाव, आणि गावाचं नाव घाल.” एका कवीने टोपणनाव सांगितलं. सन्मान देणाऱ्याच्या सोयीने नाही, घेणाऱ्याच्या इच्छेने द्यायचा, हे बोलायला सोपं. करायला एक दिवस फोन धरून बसावं लागतं. तो दिवस देणं हाही प्रकल्पाच्याच कामाचा भाग आहे.

३१ मार्च, रविवार

शुक्रवारपासून सगळे एक्सझेडबद्दल बोलत आहेत. लिनक्सच्या जगात जवळपास सगळीकडे असलेलं हे फाइली दाबून लहान करणारं साधन. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा ठेवला होता. पोस्टग्रेस्क्यूएलवर काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यांनी माग काढला, आणि मोठं संकट टळलं.

ज्याने हे केलं त्याने जिआ टॅन या नावाने दोन वर्षांहून जास्त काळ सरळ, उपयोगी काम करून विश्वास कमावला होता. मूळ सांभाळणारा जवळपास एकटाच, बिनपगारी. त्याच्यावर काही अनोळखी लोक दबाव आणत होते: काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी सोपव.

आमच्या गटात लगेच सूर निघाला, आता नव्या माणसावर विश्वास ठेवायचा कसा? मला यातून दुसरंच दिसतं. तो एकटा माणूस इतकी वर्षं जगाचं ओझं वाहत होता, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं ते चोरी पकडली गेल्यावर. २०१४ साली हार्टब्लीड हा दोष सापडला तेव्हाही हेच झालं होतं. इंटरनेटची निम्मी सुरक्षितता ज्यावर उभी, त्या ओपनएसएसएलला पुरेशी माणसं नव्हती, हे लोकांना त्या दिवशी समजलं. एक्सझेड सांभाळणाऱ्याच्या कामाची दखल वेळेवर घेतली असती, त्याच्या शेजारी खरे सोबती उभे राहिले असते, तर त्याला घाईने कुणाच्या हाती किल्ल्या द्याव्या लागल्या नसत्या. ज्याचं काम आपल्याला दिसत नाही, त्याचा थकवाही आपल्याला दिसत नाही.

६ एप्रिल, शनिवार

एका महाविद्यालयातून एकाच दिवशी ढीगभर बदल आले. कुठे एक स्पेस काढलेली, कुठे पूर्णविराम घातलेला, कुठे रीडमी फाइलीत ‘उत्तम प्रकल्प’ असं लिहिलेलं. मुलांना कुणीतरी नोंदींच्या संख्येवर गुण देणार आहे.

मुलांचा मला राग आला नाही. मोजपट्टी जशी धराल, तशी माणसं वागतात. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ऑक्टोबरमध्ये चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली निरर्थक बदलांचा इतका लोंढा आला, की सांभाळणारे हैराण झाले, आणि आयोजकांना महिना सुरू झाल्या झाल्या नियम बदलून फक्त स्वेच्छेने सामील होणाऱ्या प्रकल्पांपुरताच तो ठेवावा लागला. गिटहबने सलग किती दिवस काम केलं याची मोजणी २०१६ सालीच काढून टाकली. माणसं साखळी तुटू नये म्हणून सुट्टीच्या दिवशीही काहीतरी टाकत बसत.

द्रुपल या संकेतस्थळं बांधायच्या प्रणालीचा अनुभव सगळ्यांत शिकण्यासारखा आहे. २०१५ पासून तिथे प्रत्येक प्रश्न सुटला की सांभाळणारा हातभार लावणाऱ्यांना श्रेय देतो. चर्चा, चाचणी, तपासणी सगळं धरून. काम स्वतःच्या वेळेत केलं, नोकरीच्या वेळेत केलं की ग्राहकासाठी, हेही सांगता येतं. विचार फार चांगला. पण श्रेयांच्या बेरजेवर कंपन्यांचा क्रम लागू लागला, तशी क्षुल्लक बदलांची आवक वाढली, आणि गैरवापर म्हणजे काय हे त्यांना नियमांत लिहून काढावं लागलं.

म्हणून आमच्या यादीत आकडा नसेल. त्या मुलांना लिहिलं: तुमच्या घरी, गावी बोलले जाणारे आणि आमच्या संग्रहात नसलेले शब्द पाठवा, प्रत्येकाचं लिंग आणि सामान्यरूप लिहून. रात्रीपर्यंत एका मुलीने शेतीच्या अवजारांची यादी पाठवली. पाभर, कुळव, तिफण, वखर. प्रत्येक शब्द व्याकरणासकट आणि वापराच्या वाक्यासह. तिचं नाव यादीत गेलं.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, स्वयंपाक आवरला, आणि दुपारी बऱ्याच दिवसांनी निवांत लॅपटॉप उघडला. स्वेच्छेचं काम म्हणजे मोकळ्या वेळाचं काम, आणि मोकळा वेळ सगळ्यांना सारखा मिळत नाही. आमच्या गटात जे रात्री दहानंतर रोज दोन तास बसू शकतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी दुसरं कुणीतरी मुलांना झोपवत असतं. लिनक्सच्या बहुतेक बदलांमागे आज कंपन्यांचे पगार आहेत. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून विद्यार्थ्यांना, आणि २०२२ पासून इतर नवख्यांनाही, मानधन देतं, आउटरीची हा उपक्रम मागे पडलेल्या गटांतल्या लोकांना देतो. आमच्याकडे पैसा नाही. पण निदान इतकं तरी करता येईल: सातत्य हा गुण म्हणून मोजायचा नाही. वर्षातून एकदा येऊन एक कठीण गाठ सोडवणारी बाई रोज येणाऱ्याइतकीच मोलाची.

१४ एप्रिल, रविवार

आज बैठकीत मी डेबियन या लिनक्स वितरणाचं उदाहरण मांडलं. डेबियन १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलं. अनेक वर्षं तिथे पूर्ण सभासद होण्याची रूढ वाट म्हणजे पॅकेजं बांधणं. भाषांतर करणारे, मदतपुस्तिका लिहिणारे, लोकांना शिकवणारे कामाला होते, मताला नव्हते. २०१० साली डेबियनच्या विकासकांनी मतदान केलं आणि पॅकेज न बांधणाऱ्यांनाही पूर्ण सभासद म्हणून घ्यायचं ठरवलं. याचा अर्थ असा, की ज्यांच्याकडे मत होतं त्यांनीच ते इतरांना वाटून दिलं.

मी म्हटलं, बाईंचं नाव आपण लिहू, प्रमाणपत्र देऊ, टाळ्याही वाजवू. पण ‘लाडूला’ ठेवायचं की नाही हे ठरवायला गिट येणारी चार माणसं बसत असतील, तर आपण त्यांचा मान अर्धाच ठेवला. शब्दसंग्रहाच्या फाइलीत बाईंची संमती असल्याशिवाय काहीही आत जाऊ नये.

आक्षेप आले. एक्सझेड ताजं होतं, त्याचा उल्लेख झाला. मी सांगितलं, इथे किल्ली द्यायची नाही, निर्णय द्यायचा आहे. सर्व्हर आणि सही दोघांकडेच राहील, आणि प्रत्येक बदल दोन माणसं पाहतील. ‘चालेल’ की ‘नाही चालणार’ हे बाई फोनवर सांगतील, मुलगा ते नोंदवेल. तासभर वाद झाला. ज्याची ऱ-ची स्क्रिप्ट होती त्यानेच शेवटी बाजू घेतली. म्हणाला, ओळी माझ्या जास्त असतील, पण शब्द बरोबर की चूक हे मला अजून त्यांनाच विचारावं लागतं. ठराव झाला. बाईंना कळवलं तर त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “मग मला नकार द्यायची मुभा खरंच आहे ना?”

२७ एप्रिल, शनिवार

आहे, याचा पुरावा आज मिळाला. आमच्यातल्या एकाने इंटरनेटवरच्या मराठी मजकुरातून खूपदा येणारे, संग्रहात नसलेले शब्द स्क्रिप्टने वेचले. यादी मोठी होती, आवृत्ती चार दिवसांवर आलेली. बाईंनी दोन संध्याकाळ छापील कागद घेऊन ती वाचली आणि अख्खा गठ्ठा थांबवला. ‘महत्व’, ‘उज्वल’, ‘आशिर्वाद’ सगळे आत होते. सर्रास चुकीचे लिहिले जातात, म्हणून गाळणीतून सहज पार झाले. ते संग्रहात गेले असते तर तपासनीसाने चुकीलाच होकार दिला असता, आणि ‘महत्त्व’ लिहिणाऱ्या शाळकरी मुलाला आपणच चुकलो असं वाटलं असतं.

गठ्ठा पुढच्या आवृत्तीवर गेला. ज्याचं काम होतं तो नाराज झाला. बाईंनी त्याला स्वतः फोन केला. काय म्हणाल्या माहीत नाही, पण रात्री त्याने कळवलं की दोघं मिळून यादी चाळणार आहेत, आणि सर्रास होणाऱ्या चुकांची एक वेगळी यादी करणार आहेत, योग्य शब्द सुचवण्यासाठी. त्याच्या नावापुढे मी ‘शब्दवेचणीची स्क्रिप्ट’ लिहिलं. ते कामही खरंच आहे.

१ मे, बुधवार

आवृत्ती गेली. यादी अकारविल्हे, क्रमांक नाहीत, आणि प्रत्येक नावापुढे एक वाक्य आहे. बाईंच्या पुढे: नामांची सामान्यरूपं, शब्दनिर्णय. नांदेडच्या मुलापुढे: प्रत्ययनियम, चाचणी, टेलिफोनवरची नोंद. त्या मुलीपुढे: शेतीचे शब्द. बॉटचं नाव नाही. सुरुवातीच्या काळात काम करून पुढे गेलेल्यांची नावं तशीच आहेत. त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय नाव काढायचं नाही, हा मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातला जुना दंडक आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. डेबियनने २०१७ सालची आवृत्ती दिवंगत मर्डॉक यांना अर्पण केली होती. माणूस निघून गेला तरी त्याचं काम चालूच असतं.

५ मे, रविवार

नांदेडच्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीसाठी पत्र हवं होतं. ‘अमुक इतक्या नोंदी’ असं लिहिणं सोपं होतं. त्याऐवजी मी नातू-पेरूचा प्रश्न लिहिला: तो त्याने कसा विचारला, नियम कसा बांधला, वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाचं ज्ञान नीट ऐकून, शंका काढून यंत्राला समजेल असं कसं मांडलं. ज्याला माणूस पारखता येतो त्याला या एका परिच्छेदातून पुरेसं कळेल.

आणि एक ठरवलं. पुढची नामावली मी करणार नाही. कुणाचं काम दिसतं हे यादी करणारा ठरवतो, आणि माझ्या नजरेलाही मर्यादा आहेत. मी भाषेकडून आले, म्हणून भाषेचं काम मला आधी दिसलं. विंडोजवर बसवताना येणाऱ्या अडचणी निस्तरणारे, पोस्टर करणारे, शाळांत जाऊन दाखवणारे दुसऱ्या कुणाच्या नजरेत आधी येतील. शेतीचे शब्द पाठवणाऱ्या मुलीला विचारलं, पुढच्या वेळी तू करशील? ती म्हणाली, “मी तर आत्ताच आलेय.” म्हटलं, म्हणूनच. तुला अजून कुणाचं काम गृहीत धरायची सवय लागलेली नाही. ती हो म्हणाली, आणि लगेच विचारलं की बैठकीची टिपणं कोण काढतं, त्यांचं नाव यादीत कसं नाही?

टिपणं काढणाऱ्याला फोन करून नाव कसं हवं ते विचारायचं, हे पहिलं काम तिच्याकडे दिलं.